उसने कॉर्ड, ताईची चाल

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे बँडमास्तर, वहिनीसाहेब, माझे वादक सोबती, आणि दाराजवळ, जरा वारा लागतो अशा खुर्चीवर बसलेली माझी थोरली बहीण, सगळ्यांना नमस्कार.

मला चार शब्द गोड बोलायला सांगितलंय. मी ड्रमवाला. बँडमध्ये मला ठोक्या म्हणतात. आयुष्य ठोकण्यात गेलं, गोड बोलायचा सराव राहिला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मास्तरांचं ट्रम्पेट उत्तम, यात वाद नाही. शिस्तही कडक. तालमीला उशीर झाला म्हणून त्यांनी सख्ख्या जावयाला दाराबाहेर उभं केलेलं आम्ही पाहिलंय. हे मी मनापासून सांगतोय. पण माझ्याआधी बोललेले समीक्षकमहाशय म्हणाले, की मास्तरांनी बांधलेली ती हार्ड बॉपची, म्हणजे जोरकस ठेक्याच्या जॅझची चाल म्हणजे या बँडची ओळख. मागे भिंतीवर जी पाटी झाकून ठेवली आहे, तिच्यावर त्याच चालीचे सुरुवातीचे सूर कोरलेत आणि खाली मास्तरांचं नाव. थोड्या वेळाने अध्यक्षमहोदय दोरी ओढतील. म्हणून मला आत्ताच बोललं पाहिजे. दगडावरचं नंतर खोडता येत नाही.

आम्हा जॅझवाल्यांत एक रीत आहे. सगळ्यांच्या ओठांवरचं एखादं जुनं गाणं घ्यायचं, त्याचे कॉर्ड, म्हणजे चालीखालचा स्वरांचा सांगाडा, तसाच ठेवायचा आणि वर स्वतःची नवी चाल बांधायची. आम्ही तिला उसनवारी म्हणतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. ताईनेही तेच केलं. ती तेव्हा या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवायची. घरी इस्त्री करता करता तिने ही चाल बांधली, आणि समोर बसून मी चमच्यांनी ताल धरला होता. त्यामुळे ती कुणाची हे मला कुणी शिकवू नये.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ताईचा दमा उसळला. मास्तरांनी चाल ट्रम्पेटवर घेतली. इथवर सगळं ठीक. रेकॉर्ड बाजारात आली, तेव्हा संगीतकार म्हणून नाव छापलं होतं मास्तरांचं. ताई विचारायला गेली, मी बरोबर होतो. मास्तर, तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "अगं, कॉर्ड तरी कुठे तुझे होते?" मी तोंड उघडलं, तर म्हणालात, "ठोक्या, तू ताल बघ."

शेजारणीकडून पातेलं उसनं आणलं म्हणून भाजी शेजारणीची होते का? बरं, झाली एक वेळ. पण मग वाटेवरून जाणाऱ्या तिसऱ्याने येऊन, मीच रांधली म्हणून मिरवावं, हे कुठलं गणित?

समीक्षकमहाशय, आपण मघाशी त्या मधल्या विरामावर फार सुंदर बोललात. ओळ रंगात आलेली असते आणि ऐन भरात ट्रम्पेट क्षणभर गप्प होतं. आपण म्हणालात, ती मास्तरांची चिंतनशील शांतता आहे. विद्यार्थी ती घोटून घोटून शिकतात. साहेब, ती शांतता नाही. तो माझ्या बहिणीचा दमा आहे. तिला तिथे श्वास पुरत नव्हता, म्हणून तिने तिथे जागा ठेवली. मास्तरांची छाती भक्कम, त्यांना तिथे थांबायची काहीच गरज नव्हती. पण चाल उचलताना त्यांनी तिची धापसुद्धा उचलली, आणि आपण सगळे इतकी वर्षं तिला टाळ्या वाजवतोय. मला संताप येतो, हो, संतापच येतो.

मास्तर मुलाखतींत सांगतात, "चाल माझी आहे." खरं आहे. एक चाल त्यांची होतीच. मी तिच्याबद्दलच बोलतोय.

येताना बसमध्ये ताई म्हणाली, "आज त्यांचा दिवस आहे रे, उगाच भांडू नकोस." मी "बरं" म्हटलं. ताई, रागावू नकोस, ते मी तुझं मन राखायला म्हटलं. आणि खाली मान घालून बसू नकोस. मान त्यांनी खाली घालायची.

अध्यक्षमहोदय, दोरीला इतक्यात हात लावू नका. आता आम्ही ती चाल वाजवायची, असं ठरलंय. पहिला ठोका माझा असतो, आणि तो मी देणार नाही, जोवर या सभागृहात एक नाव घेतलं जात नाही. मी घेतलं तर भावाची माया म्हणून सोडून द्याल. ते मास्तरांच्याच तोंडून यायला हवं.

आपण सगळ्यांनी न उठता ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलावण्याचा धोका पत्करला, दोघांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल, मोठ्यांचा अवमान झाला असेल, तर तेवढं पोटात घाला. ही एक गोष्ट मात्र घालू नका. ती माझ्या ताईने फार वर्षं घातली आहे.

मास्तर, हा माईक घ्या.