चिंचोक्यांचं यंत्र

(कोल्हापूर, १९८३. भाड्याची खोली. शाळामास्तर जोतीराम आणि कबनूरहून आलेली त्याची सासू तानूबाई. नात्यानं ती त्याची मामीही.)

तानूबाई : बना गेली त्ये मला मागावर कळलं. त्या खडखडाटात धड ऐकू बी येईना. म्हटलं, कुणाची बना? कुठली बना? ...तुला कुठं कळलं रं?

जोतीराम : विद्यापीठात. वर्ग चालला होता. शिपायानं दारातनं माझं नाव घेतलं. मला वाटलं, शाळेतनं बोलावणं आलं असेल.

तानूबाई : परवा बनाचं पुण्यानुमोदन हाय. माणसं बसायची कुठं? फरशीवर ह्ये चिंचोकं मांडून ठेवल्यात. बाजूला सर, झाडू दे.

जोतीराम : नको मामी. राहू द्या ती ओळ.

तानूबाई : अरं, उंबऱ्यापतूर गेलीया! सकाळी शेजारची झुंबरबाई घसरून पडली असती की.

जोतीराम : बनानं मांडलीय. त्याच दिवशी.

तानूबाई : चिंचोकं खेळायचं वय हुतं व्हय तिचं?

जोतीराम : खेळ नव्हता. माझा अभ्यास होता. उद्या त्याचाच पेपर आहे.

तानूबाई : त्यो काम्पुटर न्हवं? बघितलायस का कधी?

जोतीराम : नाही.

तानूबाई : न बघताच शिकतोयस? धन्य हाय बाबा.

जोतीराम : हे कागदावरचंच यंत्र असतं, मामी. लांब पट्टी, तिच्यावर घरं. यंत्र एका वेळी एकच घर बघतं, नेमून दिलेलं काम करतं आणि शेजारच्या घरात जातं. माझ्या काही ध्यानात येईना. मग बना म्हणाली, मी होते यंत्र. फरश्या म्हणजे घरं, चिंचोके म्हणजे खुणा. आपलं डोकं चालवायचं नाही, मी सांगेन तेवढंच करायचं.

तानूबाई : सांगत हुती मला. "आई, मी यंत्र झालेय." म्हटलं, लगीन झाल्यावर हुतंयच त्ये.

जोतीराम : हं.

तानूबाई : मग उद्या जाणार न्हवं पेपरला?

जोतीराम : नाही. पुस्तक हातात घेतलं की ही ओळ दिसते. त्या सकाळी तिला अगदी सोपं यंत्र दिलं होतं. लगेच थांबणारं. मी येईपर्यंत करून ठेव म्हटलं. ती थांबलीच नाही. मांडत मांडत दारापर्यंत गेली. डॉक्टर म्हणतात, झटक्यात गेली. मला नाही वाटत. तिचं भान आधीच गेलं असणार. किती वेळ एकटीच अशी बसली होती, कुणाला ठाऊक.

तानूबाई : तिला सांगितलंस त्ये मला सांग. कुठं बसायची ती?

जोतीराम : तिथं, माझ्यासमोर. गुडघे दुखतील तुमचे.

तानूबाई : दुखू देत. बोल.

जोतीराम : ही पलीकडची फरश्यांची ओळ घेऊ. तुमच्या पुढचं घर रिकामं. त्याच्या शेजारी हा एक चिंचोका ठेवला. आता घर रिकामं दिसलं तर चिंचोका ठेवा आणि उजवीकडच्या घरात जा. घरात चिंचोका दिसला तर थांबा.

तानूबाई : रिकामं. ठेवला. आता उजवीकडं... ह्ये बी रिकामं. ठेवला. ह्ये बी रिकामंच.

जोतीराम : कुठं चाललाय, मामी? चिंचोका इकडं आहे. उजवीकडं.

तानूबाई : ह्योच की माझा उजवा. ह्यानंच जेवते.

जोतीराम : थांबा, मामी. तो तुमचा उजवा.

तानूबाई : का रं? चुकलं माझं?

जोतीराम : नाही. तुमचं बरोबर आहे. मी समोर बसून सांगत होतो. माझं उजवं ते तिचं डावं. तिच्या उजवीकडं चिंचोका नव्हताच. ती थांबणार कशी?

तानूबाई : म्हंजे ठिकाणावर हुतं माझ्या पोरीचं डोकं?

जोतीराम : होतं. मी सांगितलं तसंच केलं तिनं.

तानूबाई : आन् दारापतूर जाऊन बी तिला कळलं नसंल, काय तरी चुकतंय म्हणून?

जोतीराम : कळलं असेल की. संध्याकाळी हसली असती मला. "बघा मास्तर, तुमचं यंत्र निघालं रस्त्यावर."

तानूबाई : हसलीच असती. लई द्वाड हुती.

जोतीराम : व्हय.

तानूबाई : उद्या जा पेपरला. भाकरी बांधून देते.

जोतीराम : जाईन. चिंचोके मीच उचलतो. तुम्ही वाकू नका.

तानूबाई : वाचून तरी झालंय का सगळं?

जोतीराम : नाही, मामी. शेवटचा धडा राहिलाय. तो आम्ही दोघांनी करायचा होता.