बिनड्रायव्हरच्या बसला कोण शिकवणार?

सभागृहाबाहेर रांग लागली होती. बिनड्रायव्हरच्या बस कशा असाव्यात, हे लोकांनी आत जाऊन माइकवर सांगायचं होतं. रांगेतल्या एका बसड्रायव्हरला एवढंच सांगायचं होतं, की त्या नकोतच. त्याच्या पुढे एक अंध बाई भावाचा हात धरून उभ्या होत्या.

"ऐन वेळी गप्प बसशील हं तू."

"गप्प आणि मी? दादा, बस आली की तिनं स्वतःचा नंबर सांगायचा. दार कुठे आहे, तेही."

"झालं?"

"झालं कसं? सध्या उतरताना ड्रायव्हर ओरडून सांगतात, 'ताई, खाली पाणी साचलंय, पाय लांब टाका.' मी बसेपर्यंत गाडी हलवत नाहीत. हे यंत्राला कोण शिकवणार?"

"तू शिकव की."

"मला माझ्यापुरतं कळतं. त्यांना आरशात काय काय दिसतं, ते मला कुठलं ठाऊक? त्यांना बोलावलंय का कुणी?"

"त्यांची नोकरी जायची वेळ. ते कशाला येतील?"

"म्हणून तर आधी त्यांना विचारायला हवं. इतकी वर्षं मला एकटीला कामावर पोचवलंय त्यांनी. नाहीतर मला एकटीला सोडायचा घरच्यांना धीर झाला नसता."

"घे, मलाच ऐकवलंस!"

ड्रायव्हरला राहवेना.

"ताई, मी ड्रायव्हर आहे. पण मी नको म्हणायला आलोय."

बाई आवाजाकडे वळल्या.

"म्हणा की! चांगलं ठणकावून म्हणा. आणि मग ते पाण्याचंही सांगा."



"सांगतो."

"दादा, सरक जरा. यांना आपल्या पुढे घे."