ज्याची हरकत त्यानं बसावं

कचेरीच्या ओसरीवर माझ्या शेजारी एक धनगर बसला होता. खांबापाशी एक म्हातारी, उर्दूत लिहून आणलेला अर्ज छातीशी धरून, सकाळपासून उभीच होती.

“बसा की, मावशी,” धनगर म्हणाला.

“नगं बाबा. आत साहेब हाय.”

“अर्ज कशाचा?”

“बाजारात हिरीजवळ गाड्या सोडायची बंदी झालीया. आता गाडी नदीपल्याड लावायची. आमचे मालक पायानं अधू, गाडीतच बसून दोर-दावी इकत्यात. तितं कोन गिऱ्हाईक येतंय?”

“पर साहेबानं गावाला इचारलं म्हनं.”

“इचारलं की. चावडीम्होरं समद्यांना बोलावलं अन् म्हनला, ज्याची हरकत हाय त्यानं खाली बसावं.”

“मग?”

“साहेबाम्होरं कोन बसतंय? समदी हात जोडून उभी. मुन्शीनं लिवलं, गाव राजी हाय.”

“एकबी बसला न्हाई?”

“आमचे मालक बसलेले हुते, गाडीत. वरडून सांगत हुते, माजी हरकत हाय म्हनून.”

“त्याचं काय लिवलं?”

“कायबी न्हाई. मुन्शी म्हनला, ह्यो लंगडा हाय, ह्याचं बसनं धरायचं न्हाई.”

“अन् तुमी अजून उभ्या कावून? बसा! साहेब आला तरी उठू नगा.”

म्हातारी पदर सावरून पायरीवर टेकली.

आतून बुटांचा आवाज आला. धनगर माझ्याही आधी उठला. म्हातारीला हाताला धरून उभं केलं, तेही त्यानंच.