जमीनवहीचं शेवटचं पान

नाही हो मिस फ्रीबॉर्न, पेन नको, पेन्सिलच — आणि तो कोट तिकडे खुंटीला लावा, ओला आहे. बसा. त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते. तर ही गावाची जमीनवही, सोळाशे ब्याऐंशीची. हातमोजे नकोत, त्यानं कागद उलट फाटतो. तुमच्या जमातीनं वसाहतवाल्या गोऱ्यांना जमीन विकली, तो तुम्ही विचारताय तो व्यवहार अगदी शेवटी आहे, आणि अर्धाच आहे. यादीत मी स्पष्ट लिहिलंय — शेवटचं पान नाही. छत्तीस वर्षं सेल्ससाहेबांच्या या संग्रहाच्या याद्या केल्यात मी, तीन हजारांवर पुस्तकं, या ऑरिन टिलिंगहास्टची नोंद म्हणजे — असो. चहा घेता? इथं चालत नाही म्हणा. उगाच विचारलं.

काय असेल त्या पानावर? मला काय माहीत? जुनी पानं गळतात, उंदीर खातात. तुमची आजी सांगायची ते ठीक आहे — जमीन विकली पण किनारा नाही विकला, शिंपल्या काढायला जायची वाट आपली ठेवली — पण आजी काय, सांगतातच. कागद लागतो. आणि कागद असला तरी जमीन विकणाऱ्या तुमच्या त्या सरदारणीची सही म्हणजे काय, तीन रेघांचं बगळ्याचं पाऊल, ते बघून कोर्टात कोण —

हो. बरोबर. या पानांवर कुठंच ती सही नाहीये, मग मला ती कशी माहीत.

असं बघू नका माझ्याकडे.

ही वही एका शेतकऱ्याच्या माळ्यावर मिळाली. पानं मोजायला मी बसलो होतो. ते शेवटचं वाचलं आणि मीच पळत गेलो सेल्ससाहेबांकडे, आनंदानं — तेव्हा एकोणतिशीचा होतो, असं काही हाताला लागलं की झोप उडायची. त्यांचं घर त्याच किनाऱ्यावर. शिंपल्यांच्या त्या वाटेवर त्यांनी फाटक नुकतंच बसवलेलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ऑरिन, हे पान कधी नव्हतंच." जाळ म्हणाले नाहीत. आयुष्यभर जुना कागद जमवलेला माणूस, जाळवेना त्यांना. माझ्या हातात दिलं, आणि मी ती नोंद केली — शेवटचं पान नाही.

तुमची आई आली होती इथं. लुएला. अकरा वर्षं झाली. मी तिला यादी दाखवली. तिनं चष्मा पुसला, बोट ठेवून ती ओळ वाचली आणि म्हणाली, "मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल." तेव्हा सेल्ससाहेब जाऊन सहा वर्षं झाली होती, बाई. मला अडवणारं कोणी नव्हतं. त्यांचा मुलगा आता संग्रहाचा विश्वस्त आहे, पण तो इथं फिरकतसुद्धा नाही. मी कोणाला भ्यालो म्हणता? त्या ओळीला. माझ्याच अक्षरातल्या.

थांबा, बसा, जाऊ नका — हे घ्या. ते पान या पुठ्ठ्यात आहे. दोऱ्या तुम्हीच सोडा. हो, हीच तिची सही. फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, सावकाश. कोर्टाची तारीख गुरुवारची आहे ना? मी येतो. विचारतील ते सगळं सांगेन, आईचंही सांगेन.

झालं? मग निघा आता तुम्ही. मला ती नोंद खोडायचीय, आणि समोर कोणी बसलेलं असताना मला ते जमणार नाही.