भिकाभाऊ पाण्याची खोली बघतात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या विहिरीत आमच्यातल्या प्रत्येकाने पोटभर पाणी प्यायलं आहे ते सावळेराम हिंगे, म्हणजे आपले सगळ्यांचे दादा. व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती श्री. भिका दाते, आमचे भिकाभाऊ. मीनाई अपंग पोहणे मंडळातले माझे सवंगडी. अवसरीचे ग्रामस्थ, माताभगिनी, आणि मागे मसालेभाताच्या वासाने अस्वस्थ झालेली बाळगोपाळ मंडळी, सर्वांना मोहिनी टेमकरचा नमस्कार.

आधी कुणीतरी हा माईक खाली घ्या. माझ्या तीनचाकी सायकलीची उंची सगळ्या गावाला माहीत आहे, पण दर कार्यक्रमाला मांडववाल्याला ती नव्याने कळते. हां, आता ठीक आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मागच्या वक्त्यांना दहा दिली होती आणि त्यांनी अर्धा तास घेतला, तेव्हा माझा हिशेब तुम्हीच करा. मी नुसतं कौतुक करायला आलेले नाही. माझं भिकाभाऊंकडे एक मागणं आहे. ते उद्या नाशिकला लेकीकडे कायमचे राहायला चालले. त्याआधी त्यांनी एक काम करायचं आहे, आणि ते केल्याशिवाय आम्ही त्यांना यष्टीत बसू देणार नाही. काम कोणतं ते शेवटी सांगते. भाऊ, तुम्ही फेट्यातून माझ्याकडे असं बघू नका, मी विसरायची नाही.

नव्या मंडळींसाठी मंडळाची जन्मकथा सांगितली पाहिजे. दादांचा धाकटा भाऊ रामनाथ. त्याला जन्मापासून दिसत नाही. उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं दादांच्या विहिरीत उड्या मारायची, आणि रामनाथ कठड्यावर बसून कोण कुठून पडला ते आवाजावरून सांगायचा. त्र्याण्णव साली दादांना हे बघवेना. त्यांनी ठरवलं की रामनाथ पोहायला शिकेल, आणि एकटा कशाला, मंचरपासून जुन्नरपर्यंत जे कुणी असे घरात बसून आहेत ते सगळेच शिकतील. आळेफाट्याच्या गॅरेजातून ट्रकच्या जुन्या ट्यूबा आल्या, विहिरीच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लागला, आणि पुण्याहून एक प्रशिक्षक ठरले.

उद्घाटनाच्या दिवशी सगळं आलं. पाहुणे आले, फोटोवाला आला, शाली आल्या, नारळ आले. फक्त प्रशिक्षक आले नाहीत. त्यांची गाडी खेड घाटात अडकली होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पाहुण्यांना आणखी दोन उद्घाटनं आणि एक साखरपुडा गाठायचा होता, ते सारखे घड्याळ बघत होते. दादा माईक धरून वेळ काढत होते. आणि त्याच वेळी विहिरीच्या काठाला, खांद्यावर भला जाडजूड दोर घेऊन, एक अनोळखी उंच माणूस अगदी निवांत उभा होता.

हे भिकाभाऊ. मंचरला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीत माणसं उतरायच्या आधी पाण्यातली मोटर काढायची म्हणून दादांच्या गड्याने त्यांना बोलावलं होतं. मोटर काढून झाली होती आणि ते मजुरीची वाट बघत होते. पण दादांनी दोर बघितला, उंची बघितली, आणि माईकवर जाहीर केलं की आता आपल्या प्रशिक्षकांचा सत्कार होईल. भिकाभाऊंच्या अंगावर भर मे महिन्यात शाल पडली आणि हातात नारळ आला. त्यांना वाटलं, मोटर काढली म्हणूनच हा सत्कार. घरी जाऊन वहिनींना म्हणाले म्हणे, अवसरीची माणसं लई मोठ्या मनाची.

आता इथे बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून सांगते. आपल्याकडे चारचौघांत नारळ हातात घेतला की माणूस बांधला गेला. जत्रेत पैलवानाने घेतला तर कुस्ती ठरली, मुलीच्या बापाने घेतला तर लग्न ठरलं. मग सांगा, भिकाभाऊ काय करणार? पाहुण्यांनी भाषणात सांगून टाकलं की हे गृहस्थ आता दर रविवारी या मुलांना पोहायला शिकवणार, आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी भाऊ सगळं परत करायला खरोखर आले होते. शाल धुऊन, घडी घालून आणली होती. पण नारळाची वहिनींनी चटणी केली होती. खाल्लेला नारळ परत कसा करायचा, या विचारात ते कठड्यावर बसले, आणि तेवढ्यात माझ्या आईने मला त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पोलिओने दोन्ही पाय गेलेले. शेजारच्या बायका आईला म्हणत होत्या, जिला जमिनीवर चालता येत नाही तिला विहिरीत कशाला टाकतेस? मलाही तेच वाटत होतं. सुटका व्हावी म्हणून मी भाऊंना म्हणाले, माझे पाय काम करत नाहीत. त्यांनी माझ्या कमरेला दोराची गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "मोटरीला कुठं पाय अस्त्यात? ती येतीच की वर."

मी पाण्यात गेले. काखेत ट्यूब, कमरेला दोर आणि वर भाऊ. जमिनीवर माझे पाय म्हणजे दोन ओझी, तिथे ती ओझी तरंगायला लागली. मला इतका आनंद झाला की मी रडले. पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही, ही पोहण्याची एक मोठी सोय आहे.

भाऊ शिकवायचे कसे? कठड्यावर बसून. गावातली पोरं पोहायची ती ते टक लावून बघायचे आणि तेच आम्हाला सांगायचे. हनुवटी वर धर. पाण्याशी भांडू नको. हात पाण्यात चोरासारखा घाल आणि मालकासारखा काढ. आम्ही म्हणायचो, भाऊ, एकदा तुम्हीच करून दाखवा ना. तर कधी त्यांचा कान दुखायचा, कधी नुकताच चहा झालेला असायचा. एकदा म्हणाले की ओझरला दर्शनाला जायचंय, केस ओले व्हायला नकोत. आता या फेट्याखाली किती केस आहेत ते मी भर समारंभात सांगणार नाही.

आणि मग तो रविवार आला. रामनाथ पोहत होता, दोर त्याच्या कमरेला. त्याला दिशा कळावी म्हणून लंकाबाई खालच्या पायरीवर बसून पत्र्याचा डबा वाजवत होत्या. लंकाबाईंचा एक हात कडबाकुट्टीत गेला आहे, पण उरलेल्या हाताने त्या जो डबा वाजवतात तो पलीकडच्या शिवारात ऐकू जातो. भाऊ त्यांना काहीतरी सांगायला वाकले, शेवाळावरून पाय सटकला आणि भिकाभाऊ विहिरीत पडले.

आम्ही हसलो. वाटलं, चला, आज एकदाचे गुरुजी पोहून दाखवणार. पण टोपी वर आली आणि भाऊ आले नाहीत. तेव्हा आमच्या लक्षात आलं की या माणसाला पोहता येत नाही. येणार कुठून? भाऊ मूळचे दुष्काळी आणे पठारावरचे. जिथे पाणी टँकरने येतं तिथला माणूस पोहायला शिकणार कशात, टँकरमध्ये?

पण भाऊंनी एक गोष्ट सोडली नव्हती, ती म्हणजे दोर. मनगटाला दोन वेढे होते आणि दुसरं टोक रामनाथच्या कमरेला. लंकाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी डबा दुप्पट जोराने बडवला. रामनाथला वाटलं, आज वेग वाढवायचा आहे. तो जीव खाऊन पायऱ्यांकडे निघाला आणि मागून भाऊ ओढले गेले. पायरीला हात लागल्यावर रामनाथ म्हणाला, "भाऊ, आज दोर लई जड लागतोय."

भाऊंनी पायरी धरली. पाणी ओकलं. टोपी पिळून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "खोली बघत व्हतो."

रामनाथने विचारलं, "मंग, किती हाय?"

"हाय पुरेशी."

हसा, हसा. आम्ही मात्र तेव्हा हसलो नाही. तिथेच ठरलं की हे कुणीही कधीही बोलायचं नाही. गावात बोभाटा झाला असता तर मंडळ बंद पडलं असतं, हे एक. पण खरं कारण वेगळं होतं. आपलं बिंग फुटलं हे भाऊंना कळलं असतं, तर लाजेपोटी ते पुन्हा आले नसते. आणि त्यांच्यासारखा दोर धरणारा आम्हाला कुठे मिळणार होता?

त्यानंतर दर रविवारी विहिरीलगतच्या मोटरीच्या खोलीत दादांचे दोन पट्टीचे पोहणारे गडी कांदा निवडायला बसू लागले. बारा महिने कांदा. पावसाळ्यातही कांदा. दादा, तुम्ही आता छताकडे बघू नका.

मग आज मी हे का बोलते आहे? माझा मंचरच्या स्टँडसमोर एसटीडी बूथ आहे. बूथमध्ये कोण काय बोलतं ते मी ऐकत नाही. पण भिकाभाऊ फोनवर बोलतात तेव्हा नाशिकला फोनची गरजच नसते. मागच्या आठवड्यात त्यांची नात हर्षाली बोलत होती, आणि तिचं प्रत्येक वाक्य भाऊ मोठ्याने परत म्हणत होते. तिच्या शाळेजवळ पोहण्याचा तलाव झाला आहे आणि ती पाण्याला घाबरते. तिने मैत्रिणींना सांगून ठेवलंय की माझे आजोबा पोहण्याचे मास्तर आहेत, ते आले की पाण्यात माझा हात धरतील आणि मग मी उतरेन. भाऊ ओरडून म्हणाले, "व्हय, व्हय, उतरू की." फोन ठेवला आणि बाकावर बसून राहिले. मंचर-अवसरीच्या दोन गाड्या गेल्या तरी उठले नाहीत. एवढ्या माणसांची पाण्याची भीती घालवणारा हा माणूस भीतीने बसून राहिला होता, आणि मला ते बघवलं नाही.

भाऊ, मान वर करा. ज्यांना ज्यांना माहीत होतं की भाऊंना पोहता येत नाही, त्यांनी हात वर करा. बघा. सगळं मंडळ. लंकाबाईंचा एक. रामनाथने दोन्ही केलेत, तो म्हणतो त्यातला एक लंकाबाईंच्या खात्यात धरा. आणि अध्यक्षांचाही हात वर आहे.

काय म्हणता? माईकवर ऐकू आलं नाही, मीच सांगते. भाऊ विचारतायत, "मंग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

बोललो असतो तर तुम्ही गेला असता, भाऊ.

आता माझं मागणं: जायच्या आधी तुम्ही पोहायला शिकायचं. लेकीला मी काल फोन केला आहे, तुम्ही महिनाभर उशिरा येणार. हा नारळ सत्काराचा नाही, तो मघाशीच दिला. हा आमचा. जेवणाआधी विहिरीवर जायचं, विहीर इथून हाकेच्या अंतरावर आहे. अर्धी चड्डी रामनाथने आणली आहे, त्याने स्वतः निवडली आहे, तेव्हा रंगाबद्दल तक्रार करू नका. डबा लंकाबाई वाजवतील. गड्यांनी आज कांदा निवडायचा नाही, पाण्यात थांबायचं. आणि दोर माझ्याकडे आहे, बघा, तुमचाच आहे. घ्या नारळ.

घेतला. सगळ्यांनी बघितलं ना? फोटोवाल्यांनीही बघितलं. आता सुटका नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, तो मी ओलांडला, त्यांचे आभार. आचाऱ्यांनी मसालेभात झाकून ठेवावा, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात माझा काही शब्द सैल सुटला असेल तर लेक समजून पोटात घाला. दोर मात्र मी सैल सोडणार नाही. चला भाऊ.