नळाचं पाणी

बसऱ्यात गोड्या पाण्याच्या टँकरपुढे रांगेत रसायनशास्त्राचे शिक्षक नूरी कॅन घेऊन उभे होते. पुढे दोन बायका तणतणत होत्या.

"माझ्या रबाबने लिहिलं, नळाचं पाणी म्हणजे मिश्रण. मास्तराने अख्ख्या वर्गासमोर चूक म्हटलं!"

"मग काय हवं होतं त्याला?"

"शुद्ध पदार्थ! म्हणे पुस्तकात पाणी शुद्धच असतं."

"पुस्तकाला अंघोळ करावी लागत नाही ना!"

"तर काय! आमच्या नळाला मीठ येतं, गंज येतो, गटारही येतं. पोरीच्या अंगभर पुरळ उठलंय."

"जाऊन विचार की त्याला, रबाबच्या आई."

"विचारणारच! म्हणेन, एक पेला पिऊन दाखव."

नूरींचे कान तापले. "बाई, तो मास्तर मीच. उद्या मार्क देतो."

"मार्क नकोत, उस्ताद. चूक वर्गासमोर म्हणालात, आता बरोबरही वर्गासमोरच म्हणा."