रोमचा रुमाल

पुलगावपर्यंत तासभर बसून जायचं, एवढाच लाभ खुशालला वर्ध्याच्या स्टँडवर साधायचा होता. पुढच्या बाकावर, लेकीकडे इटलीला जाऊन आलेल्या मंदाबाई कुसुमबाईंना सांगत होत्या.

"रोमहून फ्लॉरेन्सले साध्या गाडीनं गेलती. सीटले नंबर नाई. म्या रुमाल टाकला अन् ब्याग ठेवाले गेली."

"मंग?"

"एक गोरा आला. ‘तुमचा रुमाल पडला’ म्हणून माह्या हातात देल्ला, अन् सोता बसला!"

"अवो माय! तू काय म्हटलं?"

"थँक्यू. अन् फ्लॉरेन्सवरी उभी!"

बस आली. मंदाबाईंचा रुमाल खिडकीतून सीटवर पडला. आधी चढलेल्या खुशालनं तो अदबीनं त्यांच्या हाती दिला अन् बसला.

"मावशी, तुमचा रुमाल पडलता."

"थँक्यू, बापू. आता ऊठ! हे रोम नोहे."

रोमच्या गाडीत मंदाबाई उभ्या राहिल्या; त्याची भरपाई खुशालनं केली, पुलगावपर्यंत.